काच बदलल्यानंतर ऑटो हाय बीम बिघडला? कॅमेरा बदलण्याआधी हे तपासा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही ऐरोलीला राहता, महिन्यातून दोनदा नाशिकला माहेरी गाडी चालवत जाता. भिवंडी बायपासला डंपरमधून उडालेल्या खडीनं समोरची काच तडकली, ती विम्यातून बदलून घेतली. तेव्हापासून ऑटो हाय बीमचा, म्हणजे अंधारात अप्पर आपोआप लावणाऱ्या आणि समोर गाडी आली की खाली आणणाऱ्या सोयीचा, भरवसा राहिलेला नाही. घोडबंदर रोडला आणि पाम बीचला तो लागतच नाही. पडघ्याच्या पुढे लागतो, पण समोरून येणारे ट्रकवाले डिपर मारमारून सांगतात तरी खाली येत नाही. आणि मधूनच, समोर कुणी नसताना, अप्पर-लो, अप्पर-लो असा खेळ सुरू होतो. डॅशवर कसलीही सूचना येत नाही. सर्व्हिस सेंटरनं कॅमेरा बदलायला सांगितलाय. बदलावा का?

आत्ता बदलू नका. वागळे इस्टेटमध्ये गाड्यांच्या वायरिंगचं काम करत मला बावीस वर्षं झाली, आणि गेल्या काही वर्षांत अशा तक्रारी बऱ्याच हाताखालून गेल्या. कॅमेरा स्वतः खराब निघाला अशी गाडी त्यात क्वचितच होती. दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या पुढे सापडतो, म्हणजे काचेत, काचेवर किंवा काच बसवण्यात. तुमच्या तीन तक्रारींची कारणंही मला वेगवेगळी दिसतात. पहिली माझ्या मते बिघाडच नाही. दुसरी अर्धी बिघाड आहे आणि अर्धी त्या यंत्रणेची मर्यादा. तिसरी मात्र थेट नव्या काचेकडे बोट दाखवते. तिन्ही एकत्र सांगितल्या की सर्व्हिस सेंटरवाल्याला सगळ्यात सोपं उत्तर सुचतं, पार्ट बदला.

आधी यंत्रणा काय बघते ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. आतल्या आरशाच्या मागे, काचेला चिकटलेल्या काळ्या कव्हरमध्ये एक कॅमेरा असतो. लेनच्या पट्ट्या बघणारा, पुढची गाडी ओळखणारा तोच. रात्री तो तीन गोष्टी शोधतो. समोरून येणारे पांढरे दिवे, पुढे चाललेल्या गाडीचे लाल दिवे, आणि एकूण रस्त्यावर उजेड किती आहे. तिन्हींचं उत्तर ‘काही नाही, अंधार आहे’ असं आलं आणि गाडीचा वेगही पुरेसा असला, तरच तो अप्पर लावायला सांगतो. हा वेग बहुतेक गाड्यांत ताशी ३० ते ४० किलोमीटरच्या आसपास असतो, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत मिळेल. वेग बराच खाली आला की अप्पर आपोआप जातो.

आता पहिली तक्रार. घोडबंदर रोडला माजिवड्यापासून कासारवडवलीच्या पुढेपर्यंत दोन्ही बाजूंनी दिवे, दुकानांच्या पाट्या, टॉवरचे लाइट, वर मेट्रोच्या खांबांची रांग. पाम बीचलाही दिव्यांची ओळ सुटत नाही. अशा उजेडात अप्पर न लागणं हेच कॅमेऱ्याचं काम आहे, तो ते नीट करतोय. समृद्धीनं गेलात तर आमण्याहून चढल्यावर अंधाऱ्या पट्ट्यात लागलेला अप्पर इगतपुरीच्या आठ किलोमीटरच्या बोगद्यात शिरताच जाईल, कारण बोगद्यात उजेड आहे. तोही बिघाड नव्हे. शहरात ऑटो हाय बीम लागत नाही ही तक्रार घेऊन येणाऱ्या लोकांना मी आधी विचारतो, काळ्याकुट्ट रस्त्यावर लागतो का? लागत असेल तर त्या तक्रारीवर एक रुपयाही खर्च करू नका.

तरी दोन गोष्टी पाहून घ्या. दिव्यांचा स्विच ‘ऑटो’वरच हवा. नुसता हेडलाइटवर ठेवला तर बऱ्याच गाड्यांत ही सोय चालतच नाही. काहींत त्यासोबत दांडी पुढे ढकलून ठेवावी लागते, काहींत दांडीच्या टोकाला बटण असतं. सोय चालू असेल तर डॅशवर दिव्याच्या चित्रात ‘ए’ अक्षर असलेली खूण दिसते. प्रत्यक्ष अप्पर लागला की निळी खूण वेगळी. या दोन खुणांतला फरक डोक्यात पक्का ठेवा, पुढे लागणार आहे. काही गाड्यांत फॉग लाइट लावले किंवा वायपर जोरात चालवला की ही सोय स्वतःहून बाजूला होते. आणि काही जपानी गाड्यांत गाडी उभी असताना दांडी अंगाकडे ओढून तीस-चाळीस सेकंद धरली तर ती पूर्ण बंद किंवा चालू होते. काच बदलताना, गाडी धुताना कुणी दांडीशी खेळलं असेल तर असं होऊ शकतं. तुमच्याकडे पडघ्याच्या पुढे अप्पर लागतोय, म्हणजे तुमचा विषय हा नाही. पण ज्यांचा कधीच लागत नाही त्यांनी सुरुवात इथून करावी.

दुसरी तक्रार गंभीर आहे, म्हणून तिच्यावर जास्त बोलतो. समोरच्याच्या डोळ्यांवर आपला अप्पर पडणं ही साधी गैरसोय नसते. माझा धाकटा भाऊ गायमुखच्या वळणावर समोरच्या गाडीच्या अप्परनं दिपला आणि स्कूटरसकट कडेच्या खडीत गेला. हात दोन ठिकाणी मोडला. तेव्हापासून हेडलाइटची कुठलीही तक्रार मी टाळत नाही.

ट्रकवाले डिपर मारतात याची दोन कारणं असू शकतात आणि ती आधी वेगळी करायला हवीत. एक, तुमचा अप्पर खरोखर चालू राहतोय. दोन, तो खाली आलाय, पण तुमचा लो बीमच उंच मारतोय. ओळखायची सोपी खूण म्हणजे ती निळी. पुढच्या वेळी ट्रकवाल्यानं डिपर मारला की डॅशकडे एक नजर टाका. निळी खूण दिसत असेल तर अप्पर चालू आहे. नसेल तर कॅमेऱ्यानं त्याचं काम केलंय आणि दोष हेडलाइटच्या सेटिंगमध्ये आहे.

निळी खूण चालू राहत असेल, तर हे कुठल्या रस्त्यावर होतं ते आठवा. नाशिक महामार्गाला मध्ये दुभाजक आहे, त्यावर बऱ्याच ठिकाणी झाडं. ट्रकचे हेडलाइट खाली बंपरपाशी असतात, ते दुभाजकामागे आणि झुडपांमागे झाकले जातात. ड्रायव्हर मात्र त्याच्या कितीतरी वर, केबिनमध्ये बसलेला असतो. तुमच्या कॅमेऱ्याला दिवे दिसत नाहीत, म्हणून तो अप्पर ठेवतो. ट्रकवाल्याला झाडांच्या वरून तुमचा अप्पर थेट डोळ्यांत. कुठल्याही कंपनीची, अगदी नवी गाडी घेतली तरी हे होणारच, कारण कॅमेरा दिवे शोधतो, माणसं शोधत नाही. त्यामुळे दुभाजकाच्या रस्त्यावर समोरची वाहतूक जास्त असेल तर अप्पर हातानंच खाली ठेवायचा.

हाच नियम चालत जाणाऱ्यांना. रामनवमीच्या आधी तुमच्याच या रस्त्यावरून शिर्डीला निघालेले पदयात्री रात्री-पहाटे कडेनं चालत असतात. कुणाच्या हातात टॉर्च असते, कुणाच्या नसते. कॅमेरा त्यांच्यासाठी बीम खाली आणेल अशी अपेक्षा धरू नका. मागचे दिवे फुटलेला किंवा चिखलानं माखलेला ट्रक, दिव्याविना चाललेली ट्रॅक्टरची ट्रॉली, मिणमिणत्या दिव्याची जुनी मोटरसायकल, सगळ्यांची तीच गत. एप्रिल २०१७ पासूनच्या दुचाकींचा पुढचा दिवा कायम चालू असतो, त्यामुळे समोरून येणाऱ्या नव्या दुचाकी कॅमेऱ्याला बऱ्यापैकी सापडतात. मागून गाठताना त्यांचा एकच छोटा लाल दिवा मात्र उशिरा सापडतो.

मग तुमच्या कॅमेऱ्यात खरंच दोष आहे का, हे कळण्यासाठी दुभाजक नसलेला अंधारा रस्ता हवा. तुम्हाला सोयीचा म्हणजे कल्याणहून मुरबाड सोडल्यावर टोकावड्याच्या बाजूला माळशेजकडे जाणारा. सोबत कुणालातरी घ्या. खुणांकडे त्यानं बघायचं, तुम्ही रस्त्याकडे. सरळ पट्ट्यावर समोरून कार आली की अप्पर ती दूर असतानाच खाली यायला हवा, आणि ती गेल्यावर एक-दोन सेकंदांत पुन्हा लागायला हवा. हा थोडा उशीर मुद्दाम ठेवलेला असतो, त्याची काळजी नको. समोरची कार जवळ येऊन तिच्या हेडलाइटचे दोन वेगळे गोळे स्पष्ट दिसायला लागले तरी तुमचा अप्पर पडत नसेल तर मात्र दोष आहे. ताबडतोब हातानं खाली घ्या आणि पुढची चाचणी करत बसू नका, एकदा दिसलं ते पुरे. उजवीकडे वळणाऱ्या रस्त्यावर आणि चढ संपतो तिथे चांगला कॅमेराही उशीर करतो, म्हणून निकाल सरळ रस्त्यावरूनच काढायचा.

आणि ट्रकवाला डिपर मारतोय तेव्हा निळी खूण विझलेलीच असेल तर? मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीसमोर गाडी लावा. जमीन सपाट हवी, चारही टायरमध्ये हवा बरोबर हवी, सीटवर एक माणूस बसलेला हवा. हेडलाइट भिंतीपासून बरोबर १० मीटरवर. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीला चिकटपट्टीची रेघ मारा. लो बीमची वरची धार त्या रेघेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली पडायला हवी. हेडलाइटवर किंवा बॉनेटखाली छोट्या लेबलवर टक्क्यांत आकडा असतो. एक टक्का म्हणजे १० मीटरला १० सेंटिमीटर. आपण डावीकडून चालवतो म्हणून धारेचा डावा भाग थोडा वर चढलेला असतो, तो तसाच बरोबर आहे. धार रेघेवर किंवा रेघेच्या वर असेल, तर समोरच्याला तुमचा लो बीमही अप्परसारखाच वाटणार.

इथे एक प्रश्न विचारतो. गाडीला सीएनजी आहे का? डिकीत टाकी, वर माहेरहून येताना तांदळाची पोती, द्राक्षांच्या पेट्या, मागे तीन माणसं. गाडीचं बूड बसतं आणि नाक वर जातं. हेडलाइटही सोबत वर बघतात. स्टीअरिंगच्या उजव्या बाजूला ० ते ३ किंवा ० ते ५ आकड्यांचं जे छोटं चाक असतं ते यासाठीच आहे. आकडा वाढवला की बीम खाली येतो. ते चाक गाडी घेतल्यापासून एकदाही न फिरवलेले मालक माझ्याकडे रोज येतात. ज्या गाड्यांत हे चाक नाही आणि बीमची उंची आपोआप ठरते, त्यांत मागच्या सस्पेन्शनपाशी एक सेन्सर असतो. तो चिखलात अडकला किंवा त्याची दांडी निखळली तरी बीम चुकतो. आणि बाहेरून एलईडीचे बल्ब टाकले असतील तर ते काढून मूळचे बसवा. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घातला की उजेड नेमका कुठे पडावा याचं गणितच मोडतं, मग कितीही सेटिंग करा.

तिसरी तक्रार, म्हणजे विनाकारण अप्पर-लो. मोठ्या चकचकीत दिशादर्शक पाट्यांवरून आपलाच उजेड परत येतो, तेव्हा कॅमेरा एखाद्या वेळी फसतो. पाटी मागे गेली की ठीक होतो. हे सगळ्या गाड्यांत होतं. ओल्या रस्त्यावर, धुक्यात, कसाऱ्याच्या घाटात पावसाळ्यात ढग उतरतात तेव्हाही होतं. पण कोरड्या रात्री, मोकळ्या रस्त्यावर, पाटी नाही काही नाही आणि तरी खेळ चाललाय, आणि तोही काच बदलल्यापासून, तर कॅमेऱ्याला समोरचं चित्र स्वच्छ मिळत नाही असं धरून चाला.

बाहेरून सुरुवात करा. गाडीबाहेर उभं राहून आरशाच्या मागच्या काळ्या कव्हरकडे बघा. काचेच्या वरच्या काळ्या पट्ट्यात एक पारदर्शक खिडकी सोडलेली दिसेल, कॅमेरा तिच्यातून बघतो. त्या खिडकीवर काही चिकटवलंय का? फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि ‘आरशाच्या मागे मधोमध’ ही सूचना सगळ्यांच्या डोक्यात बसली. नवी काच लागली, जुना टॅग जुन्या काचेसोबत गेला, नवा टॅग लावणाऱ्यानं तो मधोमध म्हणून नेमका कॅमेऱ्याच्या पुढ्यात लावला, हे मी स्वतः पाहिलंय. एका गाडीचा दांडीचा स्विच आणि फ्यूज दोन गॅरेजमध्ये बदलून झाले होते. माझ्याकडे आली तेव्हा सोसायटीच्या पार्किंगचं गोल स्टिकर त्या खिडकीचा खालचा कोपरा झाकून बसलेलं होतं. स्टिकर सोलून काढलं, डिंक पुसला, गाडी ठीक. मालकाचे गेलेले पैसे काही परत आले नाहीत, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.

मग काच. रात्री समोरच्या दिव्यांभोवती तुम्हालाच झाक किंवा तेलकट रेघा दिसतात का? दिसत असतील तर कॅमेऱ्यालाही दिसतात. त्याला एका दिव्याच्या जागी पसरलेला उजेड दिसतो आणि त्याचा गोंधळ होतो. कळव्याचा पूल, शिळफाटा, महापे, आपल्याकडच्या रस्त्यांवरची धूळ आणि डिझेलचा धूर मिळून काचेवर एक थर बसतो, तो नुसत्या पाण्यानं निघत नाही. काचेचं क्लीनर आणि धुतलेलं मऊ फडकं घ्या, वायपरचे रबर कडक झाले असतील तर बदला. ठाण्यातल्या पावसाळ्यानंतर रबर तपासलेच पाहिजेत. आतून डॅशबोर्डला पॉलिश मारत असाल तर त्याची वाफ काचेवर बसते, तीही पुसा. मात्र कॅमेऱ्याचं कव्हर स्वतः उघडू नका आणि लेन्सला हात लावू नका.

डॅशबोर्डवर काय ठेवलंय? बारीक एलईडी लागलेली गणपतीची मूर्ती असेल तर तिचं प्रतिबिंब रात्री काचेत पडतं. बाप्पा गाडीत असावेत, माझ्याही गाडीत आहेत, पण त्यांचा दिवा रात्री बंद ठेवा आणि मूर्ती चकचकीत असेल तर मधोमध न ठेवता बाजूला घ्या. आरशाला लटकवलेली माळ झोके घेत कॅमेऱ्याच्या पुढे येत असेल तर काढा. उन्हासाठी समोरच्या काचेवर पारदर्शक फिल्म मारली असेल तर तीही संशयात. काचेवर फिल्म नको, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली सांगितलं होतं. कॅमेऱ्याच्या दृष्टीनंही ती नकोच.

एवढं करून खेळ थांबला तर प्रश्न मिटला. थांबला नाही, तर तुमच्या केसमध्ये सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न उरतो. काच बसवल्यावर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचा कोन नव्यानं जुळवून घेणं, केलं होतं का?

कॅमेरा जिथे अडकवलेला असतो ती पकड काचेलाच चिकटवलेली असते. काच बदलली की कॅमेरा काढून नव्या पकडीत बसवावा लागतो, आणि नवी पकड जुनीच्या अगदी त्याच जागी, त्याच कोनात कधीच नसते. फरक डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक असतो. पण हिशोब करा. एका अंशाची चूक म्हणजे १०० मीटरवर पावणेदोन मीटर. आपल्या महामार्गाची एक लेन साडेतीन मीटरची, म्हणजे २०० मीटरवर कॅमेरा एक अख्खी लेन चुकतोय. हीच चूक उभी असेल तर आणखी त्रास, कारण दिवा क्षितिजाच्या किती वर आहे त्यावरून तो रस्त्याचा दिवा की गाडीचा हे ठरवायला कॅमेऱ्याला मदत होते. कोन बिघडला की खऱ्या गाडीचा दिवा त्याला खांबावरचा वाटू शकतो आणि खांबावरचा दिवा गाडीचा. तुमची दुसरी तक्रार आणि तिसरी तक्रार, दोन्ही यातून निघू शकतात. शिवाय लेन सांभाळणं आणि आपोआप ब्रेक लागणं याच कॅमेऱ्यावर चालत असेल, तर विषय दिव्यांपुरता राहत नाही. म्हणून हे टाळू नका.

कॅलिब्रेशन दोन प्रकारे होतं. एकात सपाट जमिनीवर गाडी उभी करून तिच्यासमोर ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या उंचीवर खुणांचा बोर्ड लावतात आणि स्कॅनरवरून, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायच्या यंत्रावरून, कॅमेऱ्याला तो दाखवतात. दुसऱ्यात स्कॅनर जोडून दिवसा, पांढऱ्या पट्ट्या स्पष्ट असलेल्या रस्त्यावरून गाडी चालवतात आणि कॅमेरा स्वतः शिकतो. कुठला प्रकार, की दोन्ही, हे कंपनी ठरवते. दोन्हींआधी टायरची हवा आणि व्हील अलाइनमेंट बरोबर हवी, डिकी रिकामी हवी. ‘गाडी थोडे दिवस चालवा, आपोआप सेट होईल’ असं कुणी म्हणालं तर विचारा, स्कॅनरवर कॅलिब्रेशन पूर्ण झाल्याची नोंद दाखवाल का? डॅशवर सूचना येत नाही म्हणजे कोन बरोबर आहे असंही समजू नका. थोडा चुकलेला कॅमेरा स्वतःला बरोबरच समजत असतो.

काचेचंही बघून घ्या. खालच्या कोपऱ्यात छापील शिक्का असतो, त्याचा फोटो काढा. त्याच मॉडेलच्या कॅमेरा नसलेल्या व्हेरिएंटची काच बाहेरून सारखीच दिसते. तशी काच आणून जुन्या काचेची पकड उपटून हातानं चिकटवली असेल, तर कितीही कॅलिब्रेशन केलं तरी ते टिकणार नाही. याच कव्हरमध्ये पाऊस आणि उजेड ओळखणारा सेन्सर असतो, तो काचेला जेलच्या पारदर्शक चकतीनं चिकटतो. काच बदलताना जुनीच चकती परत वापरली तर मध्ये हवेचे बुडबुडे राहतात. मग वायपर कोरड्या काचेवर फिरतो आणि हेडलाइट उशिरा लागतात. तुमच्याकडे वायपर असा वेडेपणा करतोय का, सांगा. करत असेल तर काच घाईत बसवली याची ती चांगली खूण आहे. पहिल्या मोठ्या पावसात छताच्या कापडाला वरच्या कडेला ओल आली का तेही पाहा. चिकटवण गळत असेल तर पाणी कॅमेऱ्याच्या कपलरमध्ये उतरतं, पिना हिरव्या पडतात, आणि मग खरोखरच कॅमेऱ्यावर खर्च येतो.

इतकं झाल्यावरच वायरिंगकडे वळायचं, आणि त्यातही पहिली चाचणी फुकटची आहे. हातानं अप्पर लावा. दोन्ही बाजू लागतात का? दांडी ओढून डिपर द्या, तो लागतो का? लागत असेल तर दिवे, फ्यूज, दांडी सगळं ठीक आहे, त्यातलं काहीही बदलायची गरज नाही. प्रोजेक्टरच्या काही हेडलाइटमध्ये आत एक छोटी झडप पुढेमागे होऊन अप्पर-लो होतो. अप्पर लावताना ‘टक’ असा आवाज एका बाजूनं येतो आणि दुसऱ्या बाजूनं येत नाही, तर ती झडप अडकलीय. बॅटरी म्हातारी असेल, सकाळी स्टार्टर ओढत असेल, तर आधी बॅटरी. व्होल्टेज पडलं की कॅमेऱ्यासारख्या यंत्रणा आधी रुसतात. मोबाइलला जोडायचं स्वस्त स्कॅनर घरी असेल तर त्यावर विसंबू नका. ते इंजिनाच्या बिघाडाचे कोड वाचतं, कॅमेऱ्यापर्यंत पोहोचत नाही. कॅमेऱ्याचे कोड वाचायला कंपनीचं किंवा त्या तोडीचं स्कॅनर लागतं.

आता सर्व्हिस सेंटरला काय म्हणायचं ते. कॅमेरा बदलायचा तर कुठल्या कोडवरून, तो कोड छापून द्या, असं म्हणा. कोड नसेल तर कॅमेरा खराब ठरवलाच कसा, हा सरळ प्रश्न आहे आणि तो विचारायचा तुम्हाला हक्क आहे. मग काच बदलल्याच्या दिवसाचं जॉबकार्ड मागा आणि त्यात कॅलिब्रेशनची ओळ आहे का बघा. नसेल, तर ते काम त्यांच्याकडूनच राहिलंय आणि ते आधी करून द्या, असा आग्रह धरा. काच दुसरीकडे बसवली असेल तर तिथे हेच विचारा. विम्यात काचेवर घसारा कापत नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं, पण कॅलिब्रेशनचं काम अंदाजपत्रकात लिहिलेलंच नसतं आणि मग ते कुणीच करत नाही. पुढे कधी काच बदलायची वेळ आली तर विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं मंजुरी देण्याआधीच ती ओळ लिहून घ्या. नवा कॅमेरा बसवला तरी कॅलिब्रेशन करावंच लागतं, म्हणजे आज ते करून बघण्यात तुमचं काहीच वाया जात नाही.

या शनिवारी नाशिकला निघण्याआधी काच पुसा, टॅगची जागा बघा, भिंतीवरची चाचणी करा. कॅलिब्रेशन होईपर्यंत दिव्यांचा स्विच ऑटोवर राहू द्या, पण ऑटो हाय बीम बंद करून अप्पर हातानंच चालवा. आणि काचेच्या कोपऱ्यातल्या शिक्क्याचा फोटो मला पाठवा. ती काच तुमच्याच व्हेरिएंटची आहे का, एवढं मी पार्ट नंबरवरून बघून सांगतो.